कपाटातील डीव्हीडी आणि त्यातील वाणी



आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत विवाह, दीक्षा महोत्सव, वर्षीतपाचे पारणे किंवा चातुर्मासातील प्रवचने यांच्या डीव्हीडी पडून आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्क घालण्याची सोयच नसते. शिवाय घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कमधील रंगद्रव्याचा थर कालांतराने क्षीण होतो. दिवंगत आजोबांचा आवाज केवळ त्या एका चकतीवर असेल, तर तो पुसला गेल्यावर कोणत्याही मोलाने परत मिळणार नाही.

डीव्हीडी संगणकावर उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ हा फोल्डर दिसतो. त्यातील ‘व्हीओबी’ फायलींत चित्र व ध्वनी एकत्र गुंफलेले असतात. चित्र सामान्यतः एमपीईजी-२ पद्धतीचे असते. ध्वनीच्या पद्धती मात्र अनेक. ‘एलपीसीएम’ हा न आकसलेला ध्वनी. दर्जा उत्तम, पण जागा फार घेतो. ‘एसी-३’ अर्थात डॉल्बी डिजिटल हा आकसलेला, म्हणून अधिक प्रचलित. काही डिस्कवर ‘एमपी-२’ आढळतो. जुन्या व्हीसीडीवरही हाच असतो. मात्र तेथे ध्वनीचे नमुने सेकंदाला ४४,१०० असतात, तर डीव्हीडीवर ४८,०००.

व्हीओबी फाईल थेट संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घेतली असता कधी चित्र दिसते, पण आवाज येत नाही. डिस्क बिघडली असा ग्रह करून ती टाकून देऊ नये. पुष्कळदा त्या प्रोग्रॅमला एसी-३ उमगत नाही, एवढेच कारण असते. दुसरी अडचण अशी की व्हीओबी फाईल १ जीबीपेक्षा मोठी नसते. त्यामुळे दीर्घ प्रवचन अनेक फायलींत विभागले जाते आणि वाक्य मध्येच तुटते.

यास्तव क्रम असा ठेवावा. प्रथम ‘मेकएमकेव्ही’ने संपूर्ण कार्यक्रम एका फायलीत उतरवावा, यात चित्र व ध्वनी यांचा दर्जा जराही घटत नाही. मग ‘लॉसलेसकट’ने हवा तो भाग वेगळा करावा. पुन्हा न आकसता केलेला छेद ठराविक चित्रचौकटींवरच बसतो, म्हणून आरंभ एखादे वाक्य आधीपासून घ्यावा. आवाज येत नसल्यास ‘एफएफएमपेग’ने चित्र तसेच ठेवून केवळ ध्वनी पीसीएममध्ये बदलावा. संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ध्वनीचा दर ४८,००० ठेवावा. हे काम घरातील महाविद्यालयीन नातवंडे सहज करतील.

दुकानातील रोजमेळात आपण खाडाखोड करीत नाही. हिशेबाचे उतारे वेगळ्या कागदावर काढतो. तद्वत पहिली पूर्ण प्रत अबाधित ठेवून कापाकापी दुसऱ्या प्रतीवरच करावी. मूळ प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावी आणि डिस्क बाजूस ठेवण्यापूर्वी ती शेवटपर्यंत ऐकून पाहावी.

विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कना कुलूप असते. ते तोडून भाग काढणे आपल्या अचौर्य व्रताशी विसंगत आहे. प्रवचनाचा अंश इतरांस पाठवायचा असल्यास संबंधित संघाची अनुमती घ्यावी. संदर्भ तोडून पसरविलेले एक वाक्य वक्त्याच्या आशयाच्या अगदी विपरीत ठरू शकते.

पर्युषणापूर्वी अवकाश आहे. तोवर निदान एक डिस्क, घरातील सर्वांत जुनी, उतरवून घ्यावी.