माळा कुठे पळून जात नाही

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की घरोघरी तीच यादी निघते. माळा, पंखे, डबे, पडदे. मग फराळ. आणि भाऊबीज उजाडेपर्यंत तुमची कंबर धरलेली असते.

यंदा यादी कागदावर लिहा आणि त्यातल्या दोन गोष्टी खोडा. पेनाने खोडा. मनात खोडलेलं रात्री अकराला पुन्हा आठवतं.

अनारसे खोडता येतील. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाळवा, कुटा, गूळ घालून पीठ मुरवा. एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, की सगळं मुसळ केरात! ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावेत. लोक काय म्हणतील म्हणून करू नका. बचत गटाच्या बायका छान करतात, त्यांच्याकडून पाव किलो आणा. आणि ताटात वाढताना 'विकतचे आहेत हो' म्हणून ओशाळू नका.

चकली तेलात विरायला लागली तर मोहन जास्त झालंय. थोडी कोरडी भाजणी मिसळून बघा. तरीही तुटली तर तुकडे डब्यात भरा आणि पुढच्या घाण्याला लागा. आमच्याकडे गेल्या वर्षी तुकड्यांचाच डबा आधी संपला. अख्ख्या चकल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्या तुळशीच्या लग्नापर्यंत पुरल्या.

माळ्याचं मी अनुभवाने सांगते. एकदा 'एवढा एक कोपरा' म्हणून स्टुलावर चढले आणि पडले. लक्ष्मीपूजनाला हात गळ्यात. त्या वर्षी करंज्या मुलाने केल्या. कडा वेड्यावाकड्या, सारण बाहेर. कुणी एक उरवली नाही. तो कोपरा अजून तसाच आहे.

आणखी एक. घरातल्या कुणी चादरीची घडी घातली असेल तर ती उलगडून पुन्हा घालू नका. मोह होतो, मला माहीत आहे. पण एकदा तुम्ही ती उलगडलीत, की पुढची घडी तुमच्याच वाट्याला येते.

आता विश्रांतीचं. काम आटोपलं की बसते, असं म्हणू नका. ओटा पुसून होतो तोवर चहाचं आधण ठेवायची वेळ होते. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांनासुद्धा रविवार आपोआप मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. त्या कामगारांच्या घरच्या बायकांच्या चुलीला त्या रविवारी सुट्टी होती की नाही, हे मात्र विचारू नका.

तेव्हा वेळ तुम्हीच ठरवा. दुपारी दोन म्हणजे दोन. गॅस बंद करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धा तास पाठ टेका. झोप आली नाही तरी चालेल. सिंकमध्ये भांडी दिसत असतील तर कूस बदला.

बेल वाजली तर? घरात आणखी माणसं आहेत. त्यांना दार उघडता येतं.