‘घाबरू नका’ एवढ्याने भागत नाही

संकटात नुसते ‘घाबरू नका’ सांगितले की माणसे हमखास घाबरतात, असे माझे मत आहे. अन्नाच्या बाबतीत तर जास्तच.

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे उदाहरण घ्या. 18 फेब्रुवारी 2006 रोजी तिथल्या कोंबड्यांना बर्ड फ्लू झाल्याचे जाहीर झाले. देशातली ही पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पांढऱ्या पोशाखातले, तोंड झाकलेले कर्मचारी घरोघरी टीव्हीवर दिसत होते आणि त्याच वेळी सांगितले जात होते की शिजवलेले चिकन सुरक्षित आहे. ते खरेही होते. 70 अंश सेल्सिअसला आतपर्यंत शिजले की विषाणू मरतो. पण मग कोंबड्या मारता कशाला, हा कुठल्याही आईच्या मनात येणारा प्रश्न. उत्तर अवघड नव्हते. रोग एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जातो आणि धोका असतो तो आजारी कोंबड्या हाताळणाऱ्याला. ताटातल्या रश्श्यात तो नसतो. हे ‘का’ सगळ्यांत आधी, ठळक सांगायला हवे होते.

त्यातच रेल्वेने आणि काही विमान कंपन्यांनी जेवणातून चिकन काढले. रेल्वेतच मिळत नाही म्हटल्यावर सरकारी पत्रकावर कोण विश्वास ठेवणार? नवापूरपासून कितीतरी दूरच्या पोल्ट्रीवाल्यांचेही भाव कोसळले. त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नव्हते.

2020 च्या मार्चमध्ये तर कोंबड्यांचा कोरोनाशी काहीच संबंध नव्हता. चिकनमुळे कोरोना होतो, एवढा एक व्हॉट्सॲप मेसेज पुरला. माझ्या मामांच्या शेडमधले तयार पक्षी कोणी फुकट न्यायलाही येईना. खुलासे आले, पण अफवा गावात पोहोचून मुक्काम करून बसल्यावर.

आम्हां कॅडेटना रिपोर्ट द्यायला शिकवतात: काय पाहिले, कुठे, किती वाजता, काय अजून कळलेले नाही आणि पुढचा रिपोर्ट कधी. जनतेलाही असाच रिपोर्ट द्यावा, तोही गावातल्या ओळखीच्या पशुवैद्यकाने, गावच्या बोलीत. ‘अजून कळलेले नाही, संध्याकाळी सहाला सांगतो’ असे म्हणणाऱ्याचे लोक सहाला ऐकतात.

आमच्या मेसपुरते एक सुचवतो. अशी बातमी आली आणि चिकन बंद करायचे ठरले, तर कारण फळ्यावर लिहावे. चालू ठेवायचे ठरले, तर एरवी सर्वांत शेवटी जेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी पहिले ताट घ्यावे.