शुक्राची चांदणी दोन दिसू लागली तर

शहराच्या उजेडात आकाशगंगा हरवली, तरी ग्रह हरवलेले नाहीत. शुक्र सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस दिसतो. मध्यरात्री आपल्याकडे कधीच नाही. गुरू बहुधा त्याच्या खालोखाल तेजस्वी, मंगळ तांबूस, शनी फिकट पिवळा. (साडेसातीच्या धाकाने शनीचे नावही न घेणारे रुग्ण मला भेटतात, त्यांनी तो शांत ठिपका एकदा अवश्य पाहावा.) तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर तेवतात.

एक आजोबा मला म्हणाले, “डॉक्टर, हल्ली शुक्र दोन दिसतात.” डावा डोळा झाकूनही त्यांना दोनच दिसत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला.

आपणही आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहावे. एकाच डोळ्याने दोन दिसत असल्यास येत्या काही दिवसांत नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. परंतु दोन्ही डोळे उघडे असतानाच दोन दिसतात, कोणताही एक झाकताच एक होतो, आणि हे अचानक उद्भवले असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. दिव्यांभोवती रंगीत वलये दिसून डोळा दुखत व लाल होत असेल, मळमळत असेल, तरीही तसेच करावे. काचबिंदूचा तीव्र झटका दृष्टी हिरावून नेतो.

गच्चीवर मान मागे टाकून उभे राहू नये, पाठीची खुर्ची घ्यावी. उतारवयात डोळे उजेड-अंधाराला सावकाश सरावतात. जिन्यातला दिवा लावून, क्षणभर थांबून, कठडा धरून उतरावे.