सिंहस्थात फोमवालं कार्पेट नको, आत्ताच सांगून ठेवतोय

परवा बेडरूममधलं जुनं कार्पेट काढलं. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेलं, खालून फोम लावलेलं. "साहेब, गादीवर चालल्यासारखं वाटेल," असं दुकानदार तेव्हा म्हणाला होता आणि पहिली चार वर्षं तसं वाटलंही. काढायला गेलो तर कार्पेट हातात आलं आणि फोम फरशीलाच चिकटून राहिला. निम्म्याची पिवळी भुकटी, निम्म्याचा चिकट थर. मी आणि बायको दोन दिवस कलथ्यानं खरवडत होतो. भंगारवाल्यानं हातसुद्धा लावला नाही. घंटागाडीवाल्यानं विचारलं, "काका, हे ओल्यात टाकू का सुक्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

ही एका खोलीची गोष्ट झाली. आता साधुग्राम डोळ्यासमोर आणा. मंडप, व्हीआयपी कक्ष, पत्रकार कक्ष, स्वागताच्या कमानी, स्टेज. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, म्हणजे अंथरायचं काय हे त्याआधी कागदावर ठरणार. कागद पक्का झाला की मग आपण फेसबुकवर कितीही बोंबललो तरी उपयोग नाही. म्हणून आत्ताच लिहितोय.

हे कार्पेट बनतं कसं ते आधी बघा, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. सिमेंटच्या गोणीचं असतं तसलं पॉलिप्रॉपिलीनचं विणलेलं कापड घेतात. त्यात सुयांच्या रांगा एकदम खाली-वर होऊन नायलॉनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे फासे ओवतात. या फाशांना गाठ नसते, ओढला की धागा बाहेर. म्हणून खालून लॅटेक्सचा थर देतात. हे लॅटेक्स बहुतेक वेळा कृत्रिम रबराचं असतं आणि त्यात खडूची भुकटी भरपूर कालवलेली असते, कारण खडू स्वस्त. हेच मिश्रण हवा घालून फेसाळेपर्यंत घुसळलं, पात्यानं सारखं पसरलं आणि भट्टीतून काढलं की झाला फोम. काही ठिकाणी रबराऐवजी पॉलियुरेथेनचा फोम वापरतात.

म्हणजे तीन-चार वेगवेगळ्या वस्तू कायमच्या एकमेकींना चिकटवलेल्या. प्लास्टिक गाळणाऱ्याला त्यात खडू नको, रबरवाल्याला त्यात प्लास्टिक नको. भंगारवाला हात लावत नाही, त्याचं कारण हे. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आता मुख्य मुद्दा. प्रयागचा कुंभ थंडीत भरतो. आपला भरतो पावसात. अमृतस्नानाच्या तारखा आहेत २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७. ऐन पावसाळा. फोम म्हणजे स्पंज हो! सहा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर फोम म्हणजे सहा लिटरची जागा. त्यातली निम्मी जरी पाण्यानं भरली तरी तीन किलो वजन वाढलं. हजार चौरस मीटरच्या एका मंडपात तीन टन पाणी जमिनीला धरून बसणार, वर हजारो पाय, खाली चिखल. वाळवणार कुठे? ऊन कुठलं त्या दिवसांत? तिसऱ्या दिवशी कुबट वास, आठवड्यात बुरशी, आणि मग ठेकेदार तेच गुंडाळून नवं अंथरणार. बिल दोनदा.

आणि गोदाकाठ. २ ऑगस्ट २०१६ ला नदीला केवढा पूर आला होता, आठवतं ना? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून पूर मोजणारं आपलं गाव. पहिलं अमृतस्नान नेमकं त्याच तारखेला आहे. घाटावर किंवा घाटालगत हे अंथरलेलं असेल आणि वरून विसर्ग वाढला, तर ते उचलायला कोण धावणार? पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, तरंगत पुढे जातं. गेलं म्हणजे संपलं असं नाही. खाली निफाड आहे, नांदूरमध्यमेश्वर आहे.

आगीचंही बोलायला हवं. आखाड्यात धुनी असते, यज्ञ असतात, भंडाऱ्याचे सिलिंडर असतात. १९ जानेवारी २०२५ ला प्रयागराजच्या मेळ्यात तंबू जळाले. ते कार्पेटमुळे जळाले असं मी म्हणत नाही. पण पॉलियुरेथेन फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो आणि गर्दीत माणूस आगीआधी धुरानं पडतो. १९९५ मध्ये हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमाचा मंडप पेटला, चारशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं किती! तात्पुरत्या मंडपांसाठी आपल्याकडे आयएस ८७५८ हे मानक आहे, त्यात कृत्रिम धाग्याच्या साहित्याला नकार आहे. आपण छतापुरतं ते आठवतो आणि पायाखाली विसरतो.

२०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशवीवर बंदी. भाजीवाल्या मावशीकडे पिशवी सापडली तर पहिल्याच वेळी पाच हजार दंड. आणि त्याच जातीचं प्लास्टिक हजारो चौरस मीटर अंथरून चार दिवसांत फेकलं तर तो सोहळा! कॅलिफोर्नियानं २०१० मध्ये कायदा करून प्रत्येक चौरस यार्डमागे अधिभार लावला आणि जुनं कार्पेट परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आपल्याकडे ती जबाबदारी पाथर्डीच्या खतप्रकल्पावर.

काही जण म्हणतील, "मग साधू-महंतांना काय चिखलात बसवायचं?" अजिबात नाही. काथ्या आहे, कोकणात होतो, पाणी खाली जाऊ देतो आणि लवकर वाळतो. सतरंजी आहे, ती तर आपल्या नाशिकरोडच्या कारागृहात बंदी विणतात. घोंगडी आहे, पाऊस अंगावर घेऊन मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली, आणि लोकर सहजासहजी पेटत नाही. जिल्ह्यात मालेगावला एवढे यंत्रमाग आहेत, त्यांना वर्षभर आधी सांगितलं तर जाड सुती पट्टे विणून देता येणार नाहीत का? महाग पडेल, हे मान्य. पण दोनदा अंथरलेल्या फोमशी तुलना करून मग बोला.

आणि घरात आजोबांच्या पलंगाशेजारी फोमचा तुकडा ठेवायला माझी हरकत नाही. ती वस्तू कोरड्या खोलीसाठी आहे, उघड्या मैदानासाठी नाही. मंडपवाले नेहमी अंथरतात ते पातळ कार्पेट वेगळं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

मागणी दोन ओळींची आहे. निविदेत लिहा: खालून फोम लावलेलं कार्पेट चालणार नाही. आणि जे काही अंथराल ते वजन करून आणायचं, वजन करून परत न्यायचं, तोपर्यंत अनामत मिळणार नाही.

आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला एवढंच विचारा, की अंथरणार काय आणि ते मेळा संपल्यावर जाणार कुठे. काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका. पोस्ट कॉपी केली तरी चालेल, नाव नको.