एक जानेवारीच्या दोन याद्या

दरवर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. दोन्हींशी आपल्या पालघर जिल्ह्याचा संबंध आहे.

पहिली अणुकेंद्रांची. डिसेंबर १९८८ मध्ये सार्क शिखर परिषदेसाठी राजीव गांधी इस्लामाबादला गेले, तेव्हाच एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तारापूरसारखी केंद्रे त्यात येतात. बोईसर-तारापूरच्या वस्तीला हा केवढा दिलासा!

दुसरी यादी कैद्यांची आणि पकडलेल्या मच्छीमारांची. २००८ च्या करारानुसार ती १ जुलैलाही दिली जाते. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारी पालघरची माणसेही त्या तुरुंगांत अडकली आहेत.

सार्कमध्ये निर्णय एकमताने होतात. त्यामुळे २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली आणि दक्षिण आशिया एकत्र आणण्याचे काम अडले. याद्या मात्र चालू राहिल्या. पण यादीत नाव आले म्हणजे माणूस घरी आला असे नाही. नेत्यांच्या भेटीने त्याला मदत होऊ शकते. २०१५ मध्ये उफा येथे दोन्ही पंतप्रधान भेटले, तेव्हा मच्छीमारांना बोटींसह पंधरा दिवसांत सोडण्याचे ठरले होते.

दोन घरांत अबोला असला, तरी एकमेकांची लेकरे कुणी अडकवून ठेवत नाही. वाट पाहणाऱ्या त्या घरांसाठी आम्ही दुआ करतो, आणि भेटीगाठी पुन्हा सुरू व्हाव्यात, असेही म्हणतो.