पोतं घेण्याआधी अन्नपिशवी बघा

आखाड लागला की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी कोंबडी शिजते. या महिन्यापुरती वाचकांना एक विनंती आहे. कोंबडी साफ करताना गळ्याखालची अन्नपिशवी उकिरड्यावर फेकू नका, चिरून बघा. शाहूवाडी-गगनबावड्याच्या पावसात फिरलेल्या कोंबडीत गवताची पाती, गांडूळ, किड्यांचे पंख आणि सकाळी टाकलेली तांदळाची कणी सापडेल. तीच पिशवी दिवाळीनंतर, मळणीच्या दिवसांत उघडलीत तर भाताने गच्च भरलेली दिसेल; वैशाखात वाळकं बी, खरकटं आणि माती. कोणतं खाद्य घ्यावं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

परसातल्या कोंबडीला बहुधा दाण्याची ददात नसते. तरी आपण लक्ष्मीपुरीतून आणतो तो मकाच. मक्यात प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आसपास, कणीत त्याहूनही थोडी कमी. अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा ते अठरा टक्के. कॅल्शियमची तफावत तर याहून मोठी आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं आणि 100 ग्रॅम मक्यातून त्याचा शंभरावा भागही धड मिळत नाही. उरलेलं ती आपल्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, अंडी डालग्यातच फुटतात, आणि दोष मात्र जातीवर येतो.

दुसऱ्या टोकाला ब्रॉयलरचं पोतं. गावातल्या दुकानात ते हमखास मिळतं, म्हणून घेतलं जातं. मांसासाठी सहा आठवड्यांत वाढवायच्या पक्ष्याचं ते खाद्य. गिरिराज किंवा वनराजच्या तलंगांना महिनोन्‌महिने घातलं तर त्या चरबी धरतात आणि अंड्याला रडवतात. पिल्लांना पहिले सहा आठवडे वीस टक्के प्रथिनांचं चिक मॅश पोटभर हवं. त्यात काटकसर करू नये, पुढची सगळी कोंबडी त्या सहा आठवड्यांत घडते.

खरी अडचण मिश्र कळपाची. शासनाच्या योजनेतून 25 तलंगा आणि 3 नर आले की सुरुवातीला सगळं सरळ असतं. सहा महिन्यांत एखादी खुडूक बसते, पिल्लं निघतात, आणि अंड्यावरची कोंबडी, कोंबडा, तलंग, पिल्लू असे सगळे एकाच परातीवर येतात. अशा वेळी लेअरचं पोतं आणणं ही सर्रास होणारी चूक. त्यात तीन-साडेतीन टक्के कॅल्शियम असतं. वाढत्या पक्ष्याला एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियमने त्याची मूत्रपिंडं बिघडतात आणि पक्षी अचानक दगावले की आपण मानमोडीचं नाव घेतो. आमचं मत स्पष्ट आहे: मिश्र कळपाला सोळा टक्के प्रथिनांचं ग्रोअर द्या, पिल्लांचं मॅश डालग्याखाली वेगळं ठेवा, आणि कुटलेला शिंपला दुसऱ्या भांड्यात. कोकणातून शिंपला आला नाही तर भाजून चुरलेली अंड्यांची कवचं चालतात. कवच घडतं ते मुख्यतः रात्री, त्यामुळे अंड्यावरची कोंबडी संध्याकाळी आपणहून त्या भांड्याकडे वळते. कोंबडा तिथे फारसा रेंगाळत नाही.

मग फिरत्या मोठ्या कोंबडीला विकतचं किती? चरायला भरपूर असेल तेव्हा दिवसाला मूठभर, चाळीस-पन्नास ग्रॅम. उन्हाळ्यात वाढवा. खुराड्यात कोंडली तर मात्र पूर्ण खुराक, म्हणजे शंभर ग्रॅमच्या वर.

घरच्या घरी प्रथिनं भागवण्याचे उपाय बरेच सांगितले जातात. अझोला त्यातला लाडका. वाळवलेल्या अझोल्यात वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात हे खरं. पण ताज्या किलोभर अझोल्यात बहुतेक पाणीच, वाळून उरतो जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. हिरवा चारा म्हणून उत्तम, पेंडेची जागा तो घेणार नाही. शिरोळ-हातकणंगल्याकडे सोयाबीन घरचंच असतं; ते कच्चं घालू नका, त्यातले घटक प्रथिनं पचूच देत नाहीत. नीट भाजून भरडा. म्हशीच्या घमेल्यातली सरकी पेंड कोंबड्यांना नको, गॉसिपॉलमुळे ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. आणि आखाडातला उरलेला रस्सा-भात? आपल्या जेवणातलं मीठ कोंबडीला झेपत नाही. (तिखटाचं तिला काही वाटत नाही.)

मका महागल्याची सगळ्यांचीच तक्रार आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधन आणलं आणि मक्याची मागणी आणखी वाढली. इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा, म्हणजे डीडीजीएस, आता स्वस्त प्रथिन म्हणून खाद्यात येतो. तो वाईट नाही. पण स्टार्च निघून गेल्यावर मूळ मक्यातलं बुरशीचं विष त्यात सुमारे तिप्पट होऊन बसतं. खाद्य मिसळून देणाऱ्याला हे विचाराच.

बुरशीचा हंगाम हाच आहे. पावसाळ्यात पंधरवड्यापुरतंच खाद्य आणा, फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. गुठळी झालेला, कुबट वासाचा भरडा उन्हात घालून परत वापरू नका. ओल जाते, अफ्लाटॉक्सिन राहतं. सुटं खाद्य घेताना प्रकार आणि पोतं फोडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून मागा. दुकानदार कुरकुरेल, पण पिशवीतला भरडा ग्रोअरचा की लेअरचा, हे घरी आल्यावर नुसतं बघून आपल्यापैकी कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.