मातीविना मिरची : आधी मुळांचा विचार, मग यंत्राचा

घराच्या अंगणात, गच्चीवर अथवा सज्जात मातीशिवाय मिरची पिकविण्याची साधने अलीकडे बाजारात सहज मिळू लागली आहेत. पांढऱ्या नळ्यांतून पाणी खेळत असते, वर हिरवीगार रोपे डोलत असतात आणि पाहणाऱ्याला मोठे कौतुक वाटते. मग गावातील विस्तार कार्यकर्त्याला प्रश्न विचारला जातो, "साहेब, हे आम्ही घ्यावे काय?" ह्या प्रश्नाला नुसते होय किंवा नुसते नाही असे उत्तर देणे सोपे आहे, परंतु दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, मिरचीसाठी अशा साधनाची निवड त्याच्या देखणेपणावरून किंवा जाहिरातीतील उत्पन्नाच्या आकड्यांवरून करू नये. वीज गेली आणि घरी कोणी नसले, तर झाड किती वेळ तग धरील, ह्या एका कसोटीवर ती करावी.

ही कसोटी का लावावी, हे समजण्यासाठी जमीन आपल्याकरिता काय काय करते ते प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जमीन पाणी साठवून ठेवते व मुळांना लागेल तसे देते. मातीच्या कणांमधील पोकळीतून ती मुळांना हवा पुरवते. अन्नद्रव्ये धरून ठेवते व आपल्या हातून खत थोडे कमीअधिक पडले तरी ती चूक पोटात घालते. शेणखताचे आणि युरियाचे रूपांतर झाडाला मानवेल अशा अन्नात करणारे असंख्य जीवाणू तिच्यातच नांदत असतात. माती काढून टाकली म्हणजे ही सर्व कामे संपली असे नव्हे. ती माणसाच्या अंगावर येऊन पडतात. जमीन चुकांना क्षमा करते, पाण्याची टाकी करीत नाही, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मातीविना शेती ही काही कालपरवाची कल्पना नव्हे. वनस्पतींना कोणती मूलद्रव्ये लागतात हे शोधण्यासाठी जर्मनीतील सॅक्स व नॉप ह्या शास्त्रज्ञांनी १८६० नंतरच्या दशकात क्षारांच्या द्रावणात रोपे वाढविली. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेरिक ह्यांनी ह्या प्रयोगाला पीक घेण्याच्या पद्धतीचे रूप दिले व १९३७ साली तिला हायड्रोपोनिक्स हे नाव मिळाले. तिचा एवढा गाजावाजा झाला की, त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन ह्यांनी तिची बारकाईने तपासणी केली. परिस्थिती सारखी असेल तर पाण्यातील पीक चांगल्या जमिनीतील पिकाहून सरस ठरतेच असे नाही, असा संयमी निष्कर्ष त्यांनी १९३८ साली मांडला. त्यांनी सुचविलेले द्रावण आजही जगभर वापरले जाते आणि त्यांचा इशाराही आजच्या जाहिरातींना तितकाच लागू पडतो.

आपल्या देशाचाही ह्या इतिहासात वाटा आहे. बंगालमधील कालिंपोंग येथे शोल्टो डग्लस ह्यांनी १९४६ च्या सुमारास साध्या साधनांची एक पद्धत बसविली. ती पुढे बंगाल पद्धत म्हणून ओळखली गेली. महागडे पंप व टाक्या टाळून वाळू-खडीच्या वाफ्यांत क्षार व पाणी हाताने देण्यावर तिचा भर होता. सामान्य कुटुंबाला झेपेल तेवढेच यंत्र वापरावे हा तिचा गाभा होता आणि आजच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्याच दिशेने आहे.

आता मिरचीचा विचार करू. पालेभाजी महिना-दीड महिन्यात हाती येते. मध्येच काही बिघडले तर थोडे बी वाया जाते, इतकेच. मिरचीचे तसे नाही. रोपे तयार होण्यास पाच-सहा आठवडे लागतात, लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी तोडा सुरू होतो आणि पुढे अनेक महिने चालतो. इतक्या काळात वीज कित्येक वेळा जाणार, घरी लग्नकार्य निघणार, सुगीचे दिवस येणार. पाच महिने जपलेले झाड एका दुपारी गेले, तर ते पुन्हा पाच महिन्यांनीच मिळते. शिवाय मिरचीची मुळे दाट वाढून अरुंद नळी तुंबवितात व फळांनी लगडलेले झाड आधाराशिवाय कलंडते. पालेभाजीसाठी केलेली नळ्यांची मांडणी मिरचीला म्हणूनच अडचणीची ठरते.

आपल्या कसोटीवर निरनिराळ्या पद्धती पाहू. एरोपोनिक्समध्ये मुळे हवेत लोंबत असतात व त्यांच्यावर द्रावणाचे धुके सोडले जाते. मुळांना हवा भरपूर मिळते, म्हणून वाढ जोमदार होते. पण पंप थांबला किंवा तोट्या क्षारांनी बुजल्या, तर उन्हाळ्यात तासा-दोन तासांत मुळे सुकू लागतात. नळीतून द्रावणाचा पातळ थर वाहविण्याच्या पद्धतीत साधारणतः आणखी काही तास मिळतात. टाकीत मुळे बुडवून हवेचा पंप लावण्याच्या पद्धतीत पाणी असते, पण पंप बंद पडला म्हणजे त्यातील प्राणवायू संपू लागतो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरलेल्या बादलीत मात्र भुसा ओलही धरतो व हवाही धरतो. तळाशी थोडे द्रावण राखून ठेवले, तर मोठे झाडही दिवसभर सहज निभावते.

ह्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. एका मे महिन्यात नळ्यांच्या मांडणीत फुलावर आलेली बारा झाडे होती. सकाळी वीज गेली, घरची मंडळी परगावी होती, आणि सायंकाळी परत येऊन पाहतो तो बाराही झाडे माना टाकून पडलेली. रात्री पाणी सुरू केले, तरी त्यांतील तीनच वाचली. त्याच गच्चीवर बादलीत लावलेल्या दोन झाडांचे एक पानही कोमेजले नव्हते. दोष वीजेचा नव्हता. वीज जाणारच हे ठाऊक असून तसे साधन निवडणाऱ्याचा होता.

म्हणून ज्यांना घरी मातीविना मिरची करावयाची हौस अथवा गरज आहे, त्यांनी बादलीची पद्धत स्वीकारावी असे सुचवावेसे वाटते. दहा ते पंधरा लिटरची गडद रंगाची बादली घ्यावी. पारदर्शक भांड्यात उजेड शिरून शेवाळ माजते. उन्हात ती तापू नये म्हणून बाहेरून चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावे. तळापासून दोन बोटे उंचीवर बाजूला एक छिद्र पाडावे, म्हणजे त्याखाली थोडे द्रावण शिल्लक राहील व जादा द्रावण निघून जाईल. कोकोपीट गोड्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्यावे, कारण त्यात मूळचे क्षार असतात. त्यात जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे मिसळून बादली भरावी. एका बादलीत एकच रोप लावावे व लावतानाच काठीचा आधार द्यावा. द्रावण सकाळ-सायंकाळ हाताने, छिद्रातून थोडेसे बाहेर येईपर्यंत द्यावे. बाहेर आलेले द्रावण फुलझाडांना किंवा परसातील केळीला घालावे, वाया घालवू नये.

द्रावणाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हातून नेमक्या कोणत्या चुका होतात, त्या येथे सांगणे अगत्याचे आहे. पहिली चूक म्हणजे शेतातील युरिया किंवा शेणाची स्लरी टाकीत ओतणे. ते पचविणारे जीवाणू तेथे पुरेसे नसतात. स्लरी सडून पाण्यातील प्राणवायू खाते व मुळे कुजतात. दुसरी चूक म्हणजे सर्व खते एकत्र घट्ट कालविणे. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट व फॉस्फेट खतांबरोबर घट्ट द्रावणात मिसळले, तर तळाशी पांढरा साका बसतो आणि झाडाचे अन्न दगड होऊन जाते. म्हणून मातीविना लागवडीसाठी मिळणारे दोन भागांचे खत वेगवेगळ्या डब्यांत विरघळवून, प्रत्येक भाग भरपूर पाण्यात स्वतंत्रपणे मिसळावा. तिसरी चूक म्हणजे पाण्याची तपासणी न करणे. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. विहिरीच्या व कूपनलिकेच्या जड पाण्यात तो वर चढतो, लोह झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. विद्युत वाहकता रोपांसाठी सुमारे १ डेसीसायमन व फळे लागल्यावर सुमारे २ डेसीसायमन प्रति मीटर ठेवावी. कडक उन्हाळ्यात झाड पाणी अधिक पिते, म्हणून द्रावण थोडे सौम्य करावे. पावसाचे साठविलेले पाणी ह्या कामी सर्वोत्तम होय.

फळाच्या टोकाशी तपकिरी, कातड्यासारखा खोलगट डाग दिसला, तर तो रोग समजून औषध फवारू नये. बहुधा पाण्यातील अनियमितपणामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोचलेले नसते. पाणी वेळच्या वेळी दिले की पुढची फळे निरोगी येतात.

उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३५ अंशांवर तो सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. म्हणजे मुळांना हवेची गरज वाढते तेव्हाच पाण्यातील हवा घटते आणि मूळकुजीला वाट मिळते. रात्री उकाडा राहिला, तर ढोबळी मिरचीची फुले गळतात. यासाठी ढोबळी मिरचीचे बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकावे, म्हणजे फळधारणा थंडीत सापडते. तिखट मिरची उष्णता अधिक सोसते. दोहोंनाही दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. ते मिळत नसेल अशा सज्जात मिरची लावूच नये. बंदिस्त जागी वारा नसल्यास फुलांवर आलेले झाड रोज सकाळी हलकेच हलवावे, म्हणजे परागीभवन चांगले होते.

ह्या पद्धतीचे गुण नाकारण्याचे कारण नाही. जमिनीतील मर रोग व सूत्रकृमी ह्यांच्यापासून झाड दूर राहते आणि ज्या कुटुंबाजवळ हातभर जमीन नाही त्याच्याही घरी ताजी मिरची येते. तथापि माती नाही म्हणून कीड नाही, असा समज करून घेऊ नये. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी ही हवेतूनच येतात आणि बोकड्या बादलीतील मिरचीवरही पडतो. पानांची खालची बाजू आठवड्यातून दोनदा पाहावी, चिकट सापळे लावावेत व ५ टक्के निंबोळी अर्क वेळीच फवारावा. खाण्याच्या झाडाच्या द्रावणात कीटकनाशक कदापि मिसळू नये.

त्याचप्रमाणे मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात जमीन खारवट म्हणून कोणी ह्या पद्धतीकडे वळेल. पण तेथील भूजलही खारे आहे आणि खाऱ्या पाण्यावर ही पद्धत चालत नाही. पाण्याची बचत होते हे खरे, परंतु तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लेट्यूस ह्या पालेभाजीबाबत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदिस्त हरितगृहातील हायड्रोपोनिक्सला दर किलोमागे सुमारे २० लिटर व शेतातील पिकाला सुमारे २५० लिटर पाणी लागेल असा अंदाज निघाला. पण ऊर्जा मात्र शेताच्या सुमारे ८२ पट लागेल असे आढळले. त्यातील मोठा भाग हरितगृह गरम व थंड राखण्याचा होता. गच्चीवरील बादलीला हा खर्च नाही. कर्ज काढून वातानुकूलित प्रकल्प उभारू पाहणाऱ्याने मात्र हा हिशेब आधी मांडावा.

एरोपोनिक्सचे खरे स्थान कोठे आहे, हे सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने दाखवून दिले आहे. बटाट्याचे रोगमुक्त बेणे वाढविण्यासाठी तिने ही पद्धत विकसित केली. बेणे मौल्यवान, देखरेख तज्ज्ञांची आणि विजेची हमी असे तिन्ही जुळले, तर धुक्याचे यंत्र शोभते. घरच्या आमटी-भाजीच्या मिरचीसाठी ते म्हणजे मुंगीवर हत्ती घालण्यासारखे आहे.

कार्यकर्ते बंधुभगिनींनी ह्या बाबतीत ग्राहकाला तीन प्रश्न विचारण्याची सवय ठेवावी. वीज दिवसभर गेली तर काय कराल? पाणी तपासून घेतले आहे काय? आणि रोज सकाळी झाडाजवळ कोण जाणार? ह्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरी पहिल्या हंगामात दोनच बादल्या कराव्यात, असा सल्ला द्यावा. शाळेच्या अंगणात अशा चार बादल्या ठेवल्या, तर झाड काय खाते व मुळे श्वास कशी घेतात हे मुलांना पुस्तकाहून लवकर उमगेल.

आणि ज्याच्या परसात चांगली काळी वा तांबडी माती आहे, त्याने मात्र मिरची मातीतच लावावी. वाळवणाच्या मिरचीचे वर्षाचे पोते हे शेतातूनच येणार आहे. बादलीतील दोन झाडे त्या शेताला पर्याय नव्हेत. परंतु ती जगविताना माती आपल्यासाठी मुकाट्याने किती राबते हे जो शिकेल, तो उद्या आपल्या शेताला पाणी व खत अधिक विचाराने देईल.